डोंगरकपारीतील प्रेम आणि मराठी चित्रपट

शहापूर तालुक्यातील माहुलीचा किल्ला इतिहासात आपले स्थान राखून आहे. बुडत्या निजामशाहीला सावरण्याचा अखेरचा प्रयत्न शहाजीराजांनी १६३६ साली याच गडाच्या आश्रयाने केला, आणि येथेच त्यांना हार पत्करावी लागली. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून जुन्नराकडे चढणारा नाणेघाट तर त्याहून कितीतरी पुरातन. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. कोणकोणते यज्ञ झाले, किती गाई, किती घोडे आणि किती कार्षापण दक्षिणा म्हणून वाटले गेले, याचा तपशील तेथे दगडावर कोरलेला आहे. गड, यज्ञ आणि दाने यांची नोंद अशी शतकानुशतके टिकून राहिली. परंतु त्याच डोंगरांच्या पायथ्याशी कुडाच्या घरात राहणाऱ्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांवर जीव कसा लावला, संसार कसे मांडले आणि ते मोडले तर कशाने मोडले, याची नोंद कोठे शोधावी?

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात वारली, कातकरी, ठाकूर यांची वर्णने आहेत. त्यांचा पेहराव, अन्न, देवदेवता, विवाहविधी, सारे काही आहे. सरकारी कारभाराला लागणारी माहिती त्यात काळजीपूर्वक भरलेली आहे. परंतु ती वाचून कोणाचाही गळा दाटून येत नाही. चालीरीती कळल्या म्हणजे माणसे कळली असे नव्हे. विवाहाचा विधी लिहून घेता येतो; विवाहाच्या आदल्या रात्री मुलीच्या मनात काय चालले होते ते लिहून घेता येत नाही. ते काम कथाकाराचे, आणि विसाव्या शतकापासून काही अंशी चित्रपटाचेही.

मुंबईकरांचा या मुलखाशी संबंध तसा नित्याचा आहे, पण तो नळाच्या तोटीपुरता. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, आणि तेव्हापासून त्या डोंगरांवर पडणारा पाऊस मुंबईच्या स्वयंपाकघरात पोहोचू लागला. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आगगाडी तर त्याहीपूर्वी, १८६१ साली, कसाऱ्यापर्यंत गेली होती. मुरबाडास मात्र एकोणिसाव्या शतकात आगगाडी लाभली नाही आणि विसाव्यातही नाही. रानातले लाकूड, गवत, मध आणि पाणी शहरात आले. माणसेही मजुरीसाठी आली. त्यांच्या मनाची गोष्ट शहरात यायला मात्र बराच काळ जावा लागला. ती कोणत्या वाटेने आली, हे पाहणे हा मराठी चित्रपटाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

नाट्य म्हटले की युद्ध, कपट, खून, वियोग यांची अपेक्षा करण्याची प्रेक्षकांना सवय असते. ज्यात काहीच ‘घडत’ नाही अशा साध्या जीवनावर चित्रपट उभा राहील काय? या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी दिले गेले. आडगावातील डॉक्टर, शिक्षक आणि कारकून यांच्या कंटाळवाण्या दिवसांतही केवढे दुःख दडलेले असते, हे रशियात चेकॉव्हने आपल्या कथानाटकांतून दाखवून दिले होते. त्याच परंपरेतला म्हणावा असा एक सोव्हिएत चित्रपट १९५६ साली निघाला: मार्लेन खुत्सिएव आणि फेलिक्स मिरोनेर यांचा ‘झरेच्नाया रस्त्यावरील वसंत’. कारखान्याच्या गावी पोलाद कामगारांना रात्रशाळेत शिकविण्यास एक तरुण शिक्षिका येते, आणि तिच्या वर्गातील एक रांगडा कामगार तिच्यावर प्रेम करू लागतो. कथा एवढीच. परंतु त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. तो तिच्या खोलीवर येतो तेव्हा ती रेडिओवर राख्मानिनॉव्हचे संगीत ऐकण्यात रंगून गेलेली असते. आपण या जगातले नव्हे, हे त्याला कोणी न सांगता कळते, आणि तो मुकाट्याने निघून जातो. वाद नाही, अश्रू नाहीत. दोन माणसांमधले अंतर केवळ एका यंत्रातून येणाऱ्या सुरांनी मोजलेले आहे.

प्रेमाच्या आड काय येते, हे दाखविण्याची ही साधी रीत मराठी चित्रपटाला अपरिचित नव्हती. उलट, ती येथे बरीच आधी आली होती. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पौराणिक देवतांचे चमत्कार पडद्यावर पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांपुढे त्यांनी एक कर्जबाजारी शेतकरी उभा केला. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर तो शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. तरी एक काळोखी झोपडी आणि तिच्याजवळ ओरडणारे कुत्रे, एवढ्या सामग्रीवर उभ्या केलेल्या त्यातील एका दृश्याची आठवण जाणकारांनी पुढे कित्येक वर्षे जपली.

शांताराम स्वतः दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी ‘प्रभात’साठी १९३७ साली ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली ही कथा. तरुण नीरेचे लग्न फसवून वृद्ध काकासाहेबांशी लावून दिले जाते आणि ती त्या लग्नाला मानण्याचे नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या भूमिकांइकीच एक गोष्ट या बोलपटात लक्षणीय आहे: त्याला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येते ते त्या घरातलेच. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, ग्रामोफोन. नीरेचा कोंडमारा वाद्यवृंदाने सांगावा लागत नाही. तो त्या घराच्या शांततेतच ऐकू येतो. दोनच वर्षांनी, १९३९ साली, ‘माणूस’ आला. शाहू मोडक यांचा साधाभोळा पोलिस गणपत आणि शांता हुबळीकर यांची वेश्या मैना, या दोघांच्या प्रेमाला कोणी खलपुरुष आडवा येत नाही. आडवा येतो तो गणपतच्या अंगावरचा गणवेश, त्याची देवभोळी आई, आणि मैनेला तिच्या भूतकाळाकडे ओढणारी माणसे.

या तिन्ही चित्रपटांत एक समान सूत्र आहे. प्रेम किंवा संसार ही त्यांत निव्वळ मनाची बाब राहत नाही. ऋण, घर, नोकरी, रूढी यांच्या तराजूत तिची किंमत ठरते. आणि ज्याला ही किंमत दाखवायची आहे, त्याला मोठ्या घटनांची गरज भासत नाही. रोजचा दिवस नीट दाखविला तरी पुरते. परंतु १९३९ पर्यंतची ही सृष्टी मुख्यतः पांढरपेशा वाड्याची, शहरी चाळीची किंवा देशावरील शेतकऱ्याची होती. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यापाड्यांपर्यंत चित्रपटाचा कॅमेरा पोहोचला नव्हता.

त्या वाड्यापाड्यांवर प्रेमाची किंमत काय होती? ही किंमत अलंकारिक नव्हती, ती रोकड होती. वारली, ठाकर इत्यादी जमातींत वधूच्या बापाला वराकडून देज देण्याची चाल. शिवाय गावजेवण, ताडी, नवे लुगडे. हातावर पोट असलेल्या तरुणाने ही रक्कम आणावी कोठून? काही ठिकाणी वर सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून ती फेडी. काही जोडपी विधीवाचूनच एकत्र राहत आणि चार पैसे गाठीला लागले म्हणजे, प्रसंगी मुले झाल्यावर, लग्न लावीत. आणि ज्याने जमीनदार-सावकाराकडून लग्नासाठी कर्ज काढले, तो ‘लग्नगडी’ होई. लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत त्याने आणि त्याच्या नव्या नवरीने धनकोच्या शेतावर राबावयाचे. कर्ज फिटत नसे. राबणे मात्र जन्मभर चाले. म्हणजे संसार मांडण्यासाठी जे ऋण घेतले, तेच संसार गिळून टाकी.

ही गोष्ट सरकारदरबारी माहीत नव्हती असे नाही. मुंबई सरकारने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून डोंगरी जमातींच्या स्थितीचा अहवाल तयार करून घेतला. वेठीचे आणि पिळवणुकीचे चित्र त्यात स्पष्ट उमटलेले आहे. कल्याणजवळ टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली, आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणूकडील वारल्यांनी वेठीविरुद्ध मान वर केली. त्या लढ्यात शामराव परुळेकरांबरोबर उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात, १९७० साली, तो सारा अनुभव लिहून ठेवला. लग्नगडी हा शब्द अनेक शहरी वाचकांनी प्रथम त्या पुस्तकातच वाचला असेल. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा सबंध देशासाठी झाला तो त्याहीनंतर, १९७६ साली.

अहवाल, चळवळ आणि कायदा यांच्या जोडीने साहित्यही या मुलखाकडे वळत होते. मुरबाडच्या शेजारच्या बदलापुराविषयी ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली ‘आमचा गाव बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला. एखाद्या लहान गावाचे दैनंदिन जीवन हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी मराठी वाचकाला पटवून दिले. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली निघाला. आणि गो. नी. दांडेकर तर पायांनीच हा प्रदेश वाचीत हिंडत होते. त्यांच्या १९५८ सालच्या ‘माचीवरला बुधा’ मधील म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परततो. ‘सावकारी पाश’मधील शेतकरी ज्या वाटेने शहरात गेला होता, ती वाट जणू उलटी चालून बुधा घरी येतो. यानंतर १९६५ साली दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

‘जैत रे जैत’ची भूमी कर्जतकडच्या ठाकरवाड्यांची आहे. मुरबाडच्या दक्षिणेला लागून कर्जत तालुका, आणि १८८२ च्या गॅझेटियरात तोही ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. जिल्ह्याच्या सीमा पुढे बदलल्या. डोंगराची ओळ आणि तिच्या कुशीतली ठाकर वस्ती बदलली नाही. माहुलीच्या पायथ्यापासून सिद्धगडाच्या रानापर्यंत आणि तेथून कर्जतच्या कड्यांपर्यंत तेच कुडाचे घर, तीच राब भाजून केलेली नाचणी-वरईची शेती, तेच कंद, करवंदे, मोहाची फुले आणि कड्याला लटकणारी आग्या मोहोळे. एका वाडीची गोष्ट सांगितली म्हणजे साऱ्या ओळीची सांगितल्यासारखे होते.

या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट केला. निर्मिती उषा मंगेशकर यांची, गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. मोहन आगाशे नाग्या झाले, स्मिता पाटील चिंधी झाल्या, आणि निळू फुले भगत. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथा थोडक्यात अशी: भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होण्याची आस धरतो. त्या आशेने लिंगोबाच्या डोंगरावर राणीमाशी पाहण्यास गेला असता मधमाश्या त्याचा एक डोळा घेतात. तेव्हापासून ती मोहोळे उतरविणे हाच त्याचा पण होतो. नवरा सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव जडविते आणि त्याच्या पणाला आपला पण मानते.

हा चित्रपट सर्वस्वी शांत आहे असे म्हणता येणार नाही. त्यात ढोल आहे, नाच आहे, गाणी तर सबंध महाराष्ट्राच्या ओठांवर बसली. परंतु ‘कुंकू’मधला ग्रामोफोन जसा त्या घरातलाच, तसा हा ढोल त्या वाडीतलाच आहे, नाग्या तो वाजवितो आणि चिंधीचे मन प्रथम गुंतते ते त्याच्या ढोलाच्या बोलात. गाण्यांच्या मधल्या जागांत वाडीचा दिवस चालू राहतो. रान तुडविणे, मध उतरविणे, चूल पेटविणे, बुवाबाजी नव्हे तर कर्तव्य म्हणून भगताने देवाला कौल लावणे. प्रेमाचे संवाद फारसे नाहीत. चिंधीचे प्रेम दिसते ते तिच्या चालण्यात, ओझे उचलण्यात, आणि नाग्याच्या वेड्या हट्टाला ‘वेडा’ न म्हणण्यात.

येथे चिंधीला ‘कुंकू’मधील नीरेच्या शेजारी उभे करून पाहावे. दोघींनाही नको असलेला नवरा मिळालेला आहे. नीरा शिकलेली, उच्च जातीची, शहरी. तिला सुटकेचा मार्ग नाही. काकासाहेब पश्चात्तापाने आपले आयुष्य संपवितात तेव्हाच ती मोकळी होते. चिंधी निरक्षर, रानातली; ती नवरा सोडून उठते आणि आपल्या पायांनी निघून येते. हा केवळ दोन लेखकांच्या कल्पनेतला भेद नव्हे, त्यामागे समाजाचा इतिहास आहे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली, आणि सबंध देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. डोंगरातील जमातींत मात्र काडीमोड आणि पुनर्विवाह पूर्वापार चालत होते. देज परत केले, पंचांनी मान्य केले, की स्त्री मोकळी. अनुसूचित जमातींच्या या चालीरीतींना १९५५ च्या कायद्यानेही सामान्यतः हात लावला नाही. ज्यांना शहराने ‘मागासलेले’ म्हटले, त्यांच्या स्त्रीकडे एक स्वातंत्र्य होते, जे शहरातल्या शिकलेल्या स्त्रीला कायद्याने मिळवावे लागले.

पण म्हणून डोंगरातील जीवनाला नंदनवन मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. ते स्वातंत्र्यही पैशाला बांधलेले होते. देज परत करावयास पैसा हवा. तो नसला की पुन्हा सावकाराचे दार. नवरा सोडण्याची मोकळीक आणि लग्नासाठी जन्मभर राबण्याची सक्ती, या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरपट्टीत शेजारीशेजारी नांदत होत्या. चिंधी पहिलीचे चित्र आहे. लग्नगड्याची नवरी दुसरीचे. पहिलीला मराठी चित्रपटाने अजरामर केले. दुसरीवर तेवढ्याच ताकदीचा चित्रपट निघाला असता तर गॅझेटियरातील उणीव खऱ्या अर्थाने भरून निघाली असती.

चित्रपटाची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पडद्यावरील प्रमुख ठाकर हे शहरातून आलेले नट होते. लेखक, कवी, संगीतकार, दिग्दर्शक, कोणीही ठाकर नव्हता. ते अप्रामाणिक होते असे मुळीच नव्हे. दांडेकरांनी तर आयुष्याची कित्येक वर्षे त्या वाटा तुडविण्यात घालविली. तरीही दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि स्वतः सांगितलेली गोष्ट यांत अंतर राहतेच. त्या अंतराची जाणीव ठेवूनच हा चित्रपट पाहावा, आणि अंतर असूनही त्याने जे गाठले त्याचे मोल करावे.

काय गाठले? चित्रपटाचा शेवट पाहिला म्हणजे ते कळते. ‘जैत’ म्हणजे विजय. नाग्या अखेर कड्यावरची मोहोळे उतरवितो. पण चवताळलेल्या माश्या चिंधीला गाठतात आणि ती मरते. ज्या हातांनी ढोल बडवून विजयाचा गजर करावयाचा, त्यांना तिचे शव उचलावे लागते. शीर्षकातला जयघोष त्या क्षणी प्रश्न होऊन परत येतो: ही जैत कोणाची? नाग्याला देवाशी भांडायचे होते, ते तो भांडला. चिंधीला फक्त त्याच्याबरोबर राहायचे होते. मोठ्या लढाईत साध्या इच्छेचा बळी गेला.

हा प्रश्न केवळ नाग्यापुरता नाही. शहापूरच्या डोंगरांत धरणे बांधली गेली तेव्हा तोही एक विजयच होता. मुंबईची तहान भागली. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर अजूनही चैत्र-वैशाखात बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी रान चालतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. नव्या जोडप्यांचा संसार कित्येकदा भट्टीजवळच्या खोपटात सुरू होतो आणि पहिल्या पावसाबरोबर गावी परततो. यात युद्ध नाही, गड नाही, शिलालेखावर कोरावे असे काही नाही. पण संध्याकाळी भट्टीचे काम आटोपून दोन माणसे एका ताटात जेवायला बसतात तेव्हा तेथेही एक गोष्ट चालू असते. नागनिकेच्या लेखात तिला जागा नव्हती, कॅम्पबेलच्या ग्रंथातही नव्हती. मराठी चित्रपटाने १९७७ साली तिच्यासाठी दार किलकिले केले. त्यातून पुढे जाऊन ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणारी माणसे त्या वाड्यांतूनच यावयाची आहेत.